पासवर्ड गटाच्या नावावर हवा

गोव्यात बचत गट, महिला मंडळे, गावची छोटी उत्पादने यांचा विषय निघाला की हल्ली पहिला सल्ला रील करण्याचा मिळतो. सोलां, म्हणजे सुकवलेली कोकमे, खपत नाहीत? रील टाका. कुणबी साडीला गिऱ्हाईक नाही? इन्स्टाग्रामवर जा. कापडी पिशव्या पडून आहेत? एखाद्या इन्फ्लुएन्सरला बोलवा. सल्ला देणाऱ्यांच्या मनात काळेबेरे नसते आणि सल्लाही अगदीच टाकाऊ नसतो. पण ते खाते कुणाच्या फोनवर उघडायचे आणि तो माणूस उद्या निघून गेला तर काय करायचे, हे कुणी विचारत नाही. मला वाटते, सामाजिक उद्योगाने सोशल मीडियाला हात घालताना आधी ताब्याचा विचार करावा, पोहोच नंतर बघावी. ताबा आपला असेल तर थोड्या पोहोचीवरही भागते. तो नसेल तर लाखभर व्ह्यूज मिळूनही गटाच्या पदरात काही पडत नाही.

सामाजिक उद्योग म्हणजे नेमके काय, यावर इथे फार वेळ घालवायला नको. आपल्याकडे त्यासाठी वेगळा कायदा नाही. कुणी सोसायटी असते, कुणी सहकारी संस्था, कुणी कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची, नफा न वाटणारी कंपनी. सेबीने 2022 मध्ये सोशल स्टॉक एक्स्चेंजसाठी, म्हणजे सामाजिक कामाला पैसा उभारून देणाऱ्या शेअर बाजाराच्या विभागासाठी, म्हणून एक व्याख्या केली आहे, पण सत्तरीत सोलां सुकवणाऱ्या बायकांना तिच्याशी कर्तव्य नाही. माल विकून पैसा उभा करायचा आणि त्यातून गावातल्या हातांना काम, बाईला स्वतःची कमाई, जमिनीला किंवा ओहळाला थोडा आराम असे काहीतरी साधायचे, एवढे इथे पुरे.

एखाद्या बचत गटाचे दप्तर उघडून बघा. बँकेतले खाते गटाच्या नावावर असते. पैसे काढायला दोघींच्या सह्या लागतात. पासबुक कुणाच्या घरी आहे ते सगळ्यांना ठाऊक असते. मीठ आणि पिशव्या आणल्या तरी बैठकीच्या वहीत नोंद होते. इतक्या काटेकोर बायका, पण त्यांच्याच गटाचे इन्स्टाग्राम खाते कुण्या प्रशिक्षकाच्या ईमेलवर उघडलेले असते, फेसबुक पेज त्याच्या सहकाऱ्याच्या नावावर असते आणि व्हॉट्सॲपचा नंबर अध्यक्षबाईंच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा असतो. वहीत यातले काहीच नाही. मुलगा सकाळच्या बसने पणजीला गेला की संध्याकाळपर्यंत गटाचे दुकान बंद.

हे असे होण्यामागे लबाडी क्वचितच असते. 2013 च्या कंपनी कायद्याने ठराविक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले, तेव्हापासून दोन-तीन वर्षांचे प्रकल्प गावोगाव येऊ लागले. प्रकल्पाबरोबर एक तरुण समन्वयक येतो. हुशार, कामसू, चांगला फोन बाळगणारा. बायकांना विचारत बसण्यापेक्षा स्वतःच खाते उघडणे त्याला सोपे जाते. अहवालात फॉलोअर्सचा आकडा लिहायचा असतो, तो वाढतोही. मग प्रकल्पाची मुदत संपते, समन्वयक बंगळूरला नवी नोकरी धरतो आणि पेज पोरके होते.

असे एक पेज माझ्या पाहण्यात आहे, डिचोलीकडच्या एका गटाचे. फोटो देखणे: केळीच्या पानावर मांडलेल्या नेवऱ्या, मागे धूसर झालेले कुळागर (पोफळीची बाग), कोपऱ्यात गटाचे नाव सुबक इंग्रजी अक्षरांत. शेवटची पोस्ट मागच्याच्या मागच्या चवथीची. तिच्याखाली कुणीतरी विचारले आहे, 'किंमत?' त्याखाली दुसऱ्याने, 'म्हापशात मिळतील का?' तिसरीने नुसतेच प्रश्नचिन्ह. उत्तर एकालाही नाही. गटातल्या बायकांना पेज आहे हे माहीत आहे. भाचीच्या फोनवर त्यांनी मला ते कौतुकाने दाखवलेही. पण त्यांना आत शिरता येत नाही, कारण ओटीपी जातो तो नंबर त्यांचा नाही. गिऱ्हाईक दारात उभे राहून हाका मारते आहे, घरात माणसेही आहेत आणि कडीची चावी बंगळूरला.

हे टाळायला फार तंत्रज्ञान लागत नाही. गटाच्या नावाने एक सिमकार्ड घ्यावे आणि गटाच्या पैशांतून एक साधा फोन. ईमेल गटाचा. पेजचे अधिकार किमान दोघींकडे. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू, त्याचा पिन बैठकीच्या वहीत नको, पण बंद पाकिटात पासबुकाशेजारी ठेवायला हरकत नाही. एवढे करायला एक दुपार पुरते. सोशल मीडियाच्या बहुतेक कार्यशाळांत हीच दुपार कॅप्शन कसे लिहावे आणि हॅशटॅग किती असावेत यात जाते. शेवटी चहा-भजी, सगळ्यांचा एकत्र फोटो, आणि तो फोटो कार्यशाळा घेणाऱ्यांच्या पेजवर.

ताबा हातात आला की दुसरी गोष्ट आपोआप जागेवर येते: किती बोंब मारायची आणि कधी. आपला पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंपू वाजवत येतो, पण टोपलीत पाव असतात तोवरच. रिकाम्या टोपलीने भोंपू वाजवत गावभर फिरणारा पोदेर मी तरी पाहिलेला नाही. सामाजिक उद्योगांना मात्र आपण नेमके तेच करायला सांगतो. कोकमाची फळे पिकतात एप्रिल-मेमध्ये. साली वेगळ्या करायच्या, मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या, आणि हे सगळे पहिला मोठा पाऊस येण्याआधी. जूनमध्ये आभाळ भरले की त्या वर्षाचा माल तेवढाच. आता समजा, ऑगस्टमध्ये एक रील उधळली आणि दिल्ली-गुडगावहून पाचशे जणांनी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, मागितले. गटाकडे साठ बाटल्या. मग एकतर चारशे चाळीस लोकांना नाही म्हणायचे किंवा बाजारातून कुणाचेही आगळ आणून आपले लेबल चिकटवायचे. दुसरा रस्ता धरला की गटाची वर्षानुवर्षांची कमाई, म्हणजे लोकांचा भरवसा, एका हंगामात संपते. त्यात काचेची बाटली, कुरियरवाल्याची आपटाआपट, गळके झाकण. परराज्यात एकच बाटली पाठवायची तर कुरियरचे पैसे कधीकधी मालाच्या किमतीला टेकतात. व्हायरल होणे हे मोठ्या कंपनीला परवडते, कारण तिच्याकडे गोदाम असते.

म्हणून दाखवणे आणि विकणे यांचे वेळापत्रक वेगळे ठेवावे लागते. काणकोणातल्या खोलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले आहे. ती डोंगराच्या उतारावर, पावसाच्या पाण्यावर होते. जुलैत तिथे विकायला काही नसते, पण दाखवायला भरपूर असते: उतारावरची रोपे, चिखलातले पाय, धुके, एखाद्या रोपावर पडलेली कीड. हा भाग कुठल्याही एजन्सीला स्टुडिओत उभा करता येत नाही. बाजारात लाल रंगाची कुठलीही सुकी मिरची गोव्याची म्हणून खपवली जाते आणि यंत्रमागावरच्या लाल चौकड्याच्या कापडाला ऑनलाइन बिनदिक्कत कुणबी म्हटले जाते. अशा वेळी खऱ्या उत्पादकाच्या हातात पुरावा असतो तो प्रक्रियेचा. फोटो थोडा हलला तरी चालेल, पण तो त्या दिवसाचा, त्या जागेचा हवा. खाण्याचा पदार्थ असेल तर लेबलवरचा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा परवान्याचा, नंबर दिसेल असा एक फोटो असावाच. गिऱ्हाइकाला त्याचे वाटते त्याहून जास्त अप्रूप असते.

विकायचे कुणाला? इथे गोव्यातले बहुतेक सल्लागार समुद्राकडे बघतात. गोव्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत साडेचौदा लाख होती आणि वर्षाला येणारे पर्यटक त्याच्या कितीतरी पट. साहजिकच रील पर्यटकासाठी बनते: नारळाची झाडे, इंग्रजी-हिंदी मिसळ, मागे गिटार. पण किनाऱ्यावर चार दिवस काढून गेलेला माणूस सोलां एकदा घेतो, आठवण म्हणून. त्याच्या घरी सोलकढी होत नाही. याउलट मुंबई, पुणे, बेळगाव, कारवारकडची हजारो कुटुंबे दरवर्षी मंगेशी, कवळे, म्हार्दोळ, रामनाथी, मडकईला कुलदैवताच्या दर्शनाला येतात. त्यांच्या स्वयंपाकघरात आगळाची बाटली रिकामी होते आणि पुन्हा भरावी लागते. हे गिऱ्हाईक आपल्याच भाषेत बोलते, देवळाच्या आवारातून परतताना पिशवीत काहीतरी नेतेच आणि पुढच्या वर्षी नक्की येते. त्याच्यासाठी बनवलेली रील मी अजून पाहिलेली नाही. फोंडा तालुक्यातल्या देवळांच्या वाटेवर एखाद्या गटाचा स्टॉल असेल तर त्यांनी पिशवीबरोबर आपला नंबर द्यावा आणि म्हणावे, 'हा सेव्ह करा, मे महिन्यात नवा माल आला की कळवते.' इन्स्टाग्रामवर महिनाभर राबून जे मिळत नाही ते इथे मिनिटभरात मिळते.

सेव्ह करा हे मुद्दाम सांगावे लागते. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच निरोप अनेकांना वेगवेगळा धाडण्याची यादी, ज्यांनी आपला नंबर साठवला आहे त्यांनाच पोहोचते, आणि एका यादीत 256 च नावे बसतात. अनेकांना ही अडचण वाटते. मला ती गटाच्या फायद्याची वाटते. ज्याने नंबर साठवला त्याने एका अर्थी दार उघडे ठेवले आहे. शंभर-दीडशे अशी घरे असली तर बचत गटाचा हंगाम पार पडतो. व्हॉट्सॲप बिझनेस 2018 मध्ये आले, फुकट आहे, त्यात मालाची यादी किमतीसकट मांडता येते, पैसे आलेल्या आणि न आलेल्या ऑर्डरींना वेगळी लेबले लावता येतात. देखणे काही नाही, पण आम्हा मराठी माणसांना वहीखाते जेवढे समजते तेवढे फिल्टर आणि ट्रेंडिंग ऑडिओ समजत नाही, निदान माझ्या वयाच्यांना तरी.

आणि नावे-नंबर कागदी वहीतही उतरवावेत. 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा देशभरातल्या खेड्यापाड्यांतल्या लोकांनी जमवलेला चाहतावर्ग एका रात्रीत गेला. जुलैत इन्स्टाग्रामने इथे रील्स आणल्या आणि सगळ्यांनी शून्यापासून सुरुवात केली. ज्यांच्याकडे गिऱ्हाइकांचे नंबर होते त्यांचे फारसे बिघडले नाही. ही सगळी व्यासपीठे दुसऱ्याच्या मालकीची आहेत, भाडे आपण पैशांऐवजी आपल्या लक्षाने भरतो आणि मालक केव्हाही नियम बदलतो.

मग इन्स्टाग्राम, फेसबुकवर जाऊच नये की काय? तसे मी म्हणत नाही. त्यांची ताकद गोव्याने चांगली पाहिली आहे. 2020 मध्ये मोलेच्या जंगलातून रेल्वेचे दुपदरीकरण, महामार्गाचे रुंदीकरण आणि वीजवाहिनी असे तीन प्रकल्प येणार म्हटल्यावर 'आमचें मोलें'ची जी मोहीम उभी राहिली, तिने चित्रांतून, पोस्टरांतून तिथले प्राणी, पक्षी, झाडे फोनफोनवर नेली. टाळेबंदीचा काळ, सभा घ्यायची सोय नाही. तरीही 1 नोव्हेंबरच्या रात्री चांदर गावात माणसे रेल्वे रुळांवर येऊन उभी राहिली. पुढे 9 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्दबातल केली. न्यायालयात चित्रे जिंकली असे कुणी म्हणणार नाही. तिथे कागदपत्रे, अभ्यास आणि वकील होते. पण ही मोहीम नुसते चित्र बघून हळहळायला लावत नव्हती. अमक्याला पत्र लिहा, तमक्या ठिकाणी या, असे एक काम ती बघणाऱ्याच्या हातात देत होती. सामाजिक उद्योगांच्या पोस्ट बघितल्या की हे काम कुठे दिसत नाही. 'आमच्या महिलांना पाठिंबा द्या.' म्हणजे काय करू? त्याऐवजी 'शनिवारी सकाळी साखळीच्या बाजारात आहोत, तीस पाकिटे आहेत, हवे असल्यास शुक्रवारपर्यंत या नंबरवर कळवा' असे लिहिले तर वाचणारा उठतो तरी.

एका ठिकाणी मात्र सोशल मीडिया जे करू शकतो ते बाजार करूच शकत नाही. डिचोली तालुक्यातल्या मुळगावात महिलांच्या गटाने पाइनच्या लगद्यापासून मातीत जिरणारे सॅनिटरी पॅड बनवायला घेतले. असा माल गावच्या दुकानात मांडला तर मागायला बाई संकोचते, दुकानदार पिशवी काळी शोधतो. फोनवर ती निवांत प्रश्न विचारू शकते: किती तास टिकते, पुरळ येते का, वापरून झाल्यावर पुरायचे कसे. उत्तर देणारीही बाईच आहे आणि तिनेच ते बनवले आहे. तिथे व्हॉइस मेसेजवरचे कोकणी-मराठी मिसळीतले दोन मिनिटांचे बोलणे कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त पटते. पण ताब्याचा प्रश्न इथेही सुटत नाही. उत्तर द्यायला इंटर्न बसवली असेल तर हा सगळा संवाद छापील उत्तरांवर येतो.

भाषेचेही तसेच. कॅप्शन इंग्रजीत असले की खाली प्रश्न इंग्रजीत येतात आणि माल बनवणारी बाई स्वतःच्याच दुकानात मुकी होते. तिला वाचता येईल अशा भाषेत लिहावे, मराठीत किंवा देवनागरी कोकणीत, ती जे बोलते त्यात. ज्याला इंग्रजी हवे त्याच्या फोनमध्ये भाषांतराचे बटण आहे.

आता चेहऱ्यांबद्दल. सामाजिक संस्थांच्या पेजवर अजून केविलवाणे फोटो चालतात. सुरकुतलेला हात, खाली वळलेली मान, वर कॅप्शन 'तुमच्या एका खरेदीने हिचे आयुष्य बदलेल'. दया आणून विकलेली बरणी माणूस एकदाच घेतो. चव आवडली तर बारा वेळा घेतो. शिवाय ज्या बाईचा फोटो टाकला तिची सून, तिचे व्याही, तिच्या मुलीच्या सासरची माणसे त्याच फेसबुकवर असतात, याचा विचार समन्वयकाने करायचा असतो. बालगृहाशी संबंधित उपक्रम असेल तर प्रश्न सभ्यतेपुरता राहत नाही. काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला 2015 च्या बाल न्याय कायद्याने मनाई आहे. फोटो काढण्याआधी विचारणे आणि उद्या नको म्हटले तर उतरवणे, दोन्ही जमले पाहिजे. उतरवण्यासाठी पुन्हा पासवर्डच लागतो.

माझ्या म्हणण्यावर एक हरकत येईल आणि ती वजनदार आहे. बायकांना वेळ कुठे आहे? घर, भाट (बागायत), गुरे, मुले, वर पाचशे पाकिटे भरायची. आता त्यांनीच कॉमेंटना उत्तरेही द्यायची? खरे आहे. म्हणूनच हे काम फुकटात धरू नये. सोलां सुकवणारीला मजुरी धरतो तशी फोन सांभाळणारीलाही धरावी आणि ती मालाच्या किमतीत यावी. गटातल्या कुणाची तरी बारावी झालेली मुलगी किंवा नवी सून रोज तासभर हे काम घेऊ शकते. बाहेरचा जाणकार शिकवायला यावा, महिन्यातून एकदा बघून जावा, त्याचे पैसेही द्यावेत. कारभार मात्र त्याच्या हाती जाऊ नये. दुसरी अडचण रेंजची. टाळेबंदीत सांग्यातल्या मुलांना ऑनलाइन वर्गासाठी डोंगर चढावा लागत होता, हे विसरण्याइतके जुने झालेले नाही. अशा गावांनी रोज पोस्ट टाकायच्या नादाला लागूच नये. बाजाराच्या दिवशी तालुक्याला उतरल्यावर आठवड्याचे एकदम पाठवले तरी चालते.

इन्फ्लुएन्सरबद्दल थोडक्यात: फुकट माल मागणाऱ्याला हसून नाही म्हणावे. पैसे देऊन कुणाला बोलावलेच तर ती जाहिरात आहे हे त्याने स्पष्ट लिहिले पाहिजे, जाहिरात मानक परिषदेची 2021 ची मार्गदर्शक तत्त्वे तसे सांगतात. आणि नंबर सर्वत्र दिला की फसवणारेही फोन करतात. 'मी लष्करात आहे, मोठी ऑर्डर आहे, पैसे घ्यायला हा क्यूआर कोड स्कॅन करा' हा फोन गोव्यातल्या कितीतरी छोट्या विक्रेत्यांना येऊन गेला आहे. पैसे घेण्यासाठी कधीही स्कॅन करावे लागत नाही की पिन टाकावा लागत नाही, आणि फसगत झालीच तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवायचे, हे दोन वाक्यांत फोन सांभाळणारीच्या कानावर पहिल्याच दिवशी घालावे.

सरकार असो की कंपनी, निधी देणाऱ्यांकडून मला एकच अट हवी आहे. प्रकल्पाचा शेवटचा हप्ता देण्याआधी फॉलोअर्सचा आकडा मागू नका. गटाची बैठक बोलवा. गटातल्या दोघींना आपापल्या हाताने खाते उघडून दाखवू द्या, आलेल्या एका चौकशीला त्यांनाच उत्तर लिहू द्या, पासवर्ड तिथल्या तिथे बदलून घ्या. समन्वयकाच्या फोनवरून खाते लॉगआउट झाले की नाही ते सगळ्यांसमोर बघा, आणि तसे बैठकीच्या वहीत सह्यांनिशी लिहून घेतल्यावरच चेक फाडा.